वाचकांचे प्रश्न : थंडीतला तिखट शिरका

दिवाळी सरली की या सदराच्या टपालाचा सूर बदलतो. चकल्या मऊ का पडल्या हे विचारणारी पत्रं आटतात आणि घसा, खोकला, काढे सुरू होतात. यंदा त्यात एक परदेशी पाहुणा आहे, अमेरिकेतला ‘फायर सायडर’. त्यावर इतकं विचारलं गेलंय की हा अंक त्यालाच दिला. डिंकाच्या लाडवांबद्दल लिहिणाऱ्यांनी पुढच्या अंकापर्यंत धीर धरावा.

प्रश्न : बाई, माझी सून मिनेसोटात असते. तिकडे थंडीत लोक ‘फायर सायडर’ नावाचं आंबट-तिखट टॉनिक घरी करून ठेवतात आणि चमचाभर घेत राहतात. तिने कळवलेल्या कृतीत सफरचंदाचं व्हिनेगर, आलं, लसूण, कांदा, हळद, मिरची, मध आणि हॉर्सरॅडिश आहे. हॉर्सरॅडिश हे झणझणीत मूळ काही इथे मिळेना. भाजीवाला म्हणतो, शेवग्याच्या मुळाला तसाच वास असतो, ते किसून घाला. घालू का? आणि सगळी कृती तुमच्या पद्धतीने सांगाल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : शेवग्याचं मूळ घालू नका. भाजीवाल्याचं नाक चांगलं आहे, हे कबूल. भारतात आलेल्या इंग्रजांनाही तोच वास आला होता. ते ही मुळं किसून मांसाबरोबर खात, आणि त्यांच्या भाषेत शेवग्याला ‘हॉर्सरॅडिशचं झाड’ हे नाव त्यावरूनच पडलं. पण शेवग्याच्या मुळात, आणि त्यातही मुळाच्या सालीत, विषारी अल्कलॉइडं असतात. गर्भवती बाईने तर त्याच्या वाटेलाही जाऊ नये. शेंगा खा, पाला खा, फुलांची भाजी करा. मूळ जमिनीतच राहू द्या.

शिवाय ते शोधत बसायची गरजच नाही. हॉर्सरॅडिशचा जो झणका नाकात जातो, तो ज्या रसायनाचा आहे तेच रसायन आपल्या काळ्या मोहरीतून निघतं. अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट असं त्याचं लांबलचक नाव. गंमत अशी की अख्ख्या मोहरीत ते तयार नसतं. मोहरीत एक पदार्थ असतो आणि त्याला तोडणारं एक विकर असतं, दोघं वेगवेगळ्या कप्प्यांत. मोहरी वाटली आणि तिला पाणी मिळालं की त्यांची गाठ पडते आणि झणका तयार होतो. मोहरी फेसायची म्हणजे नेमकं हेच. आपल्या आज्या लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकाला पदर लावत, तो उगाच नव्हे.

आता यातली मेख. त्या विकराला उष्णता सोसत नाही आणि आम्लही सोसत नाही. मोहरी गरम पाण्यात वाटली किंवा थेट व्हिनेगरमध्ये टाकली, तर विकर आधीच गारद होतं आणि मोहरी नुसती कडवट लागते. म्हणून गार पाण्यात फेसायची, दहाएक मिनिटं झाकून ठेवायची आणि मगच तिच्यावर शिरका, म्हणजे व्हिनेगर, ओतायचा. तोपर्यंत झणका तयार झालेला असतो, आणि आम्लात तो बराच काळ टिकतो. लसणीचंही तेच. तिचा उग्रपणा ठेचल्यावर तयार होतो, सोलल्यावर नव्हे. अख्ख्या पाकळ्या शिरक्यात बुडवल्या तर लोणच्याच्या पाकळ्या मिळतील, तिखट शिरका मिळणार नाही. परदेशी कृतींमध्ये सगळं चिरून बरणीत कोंबा आणि वरून व्हिनेगर ओता, एवढंच असतं. सुनेला हा क्रम जरूर कळवा.

कृती अशी. अर्धा लिटर व्हिनेगर घ्या. त्याला साठ ग्रॅम आलं, चाळीस ग्रॅम सोललेली लसूण, एक लहान कांदा, तीस ग्रॅम ओली हळद, दोन तिखट हिरव्या मिरच्या, दहा-बारा मिरी आणि एक टेबलस्पून काळी मोहरी पुरे. वाटलंच तर लिंबाच्या दोन चकत्या. आलं-हळद धुऊन, कोरड्या फडक्याने पुसून, सालासकट किसा. लसूण खलबत्त्यात ठेचा. मोहरी दोन टेबलस्पून गार पाण्यात फेसा. फेसलेली मोहरी आणि ठेचलेली लसूण दहा मिनिटं बाजूला ठेवून तेवढ्यात कांदा-मिरची चिरून घ्या. मग सगळं बरणीत भरून वरून शिरका ओता. भाज्या पूर्ण बुडाल्या पाहिजेत. एखादा तुकडा वर तरंगत राहिला की बुरशी तिथूनच लागते.

बरणी काचेची किंवा चिनी मातीची हवी. चिनी मातीची असेल तर झिलई तडकलेली नको. झाकण धातूचं असेल तर मध्ये बटर पेपर घाला, नाहीतर पंधरा दिवसांत झाकण गंजतं आणि गंज आत पडतो. तांब्या-पितळेचं काहीही या शिरक्याला लावू नका, चमचासुद्धा नाही. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं ते आपण जाणतो, आणि शिरका ताकाच्या कितीतरी पट आंबट.

अंधाऱ्या कपाटात तीन-चार आठवडे राहू द्या, रोज एकदा हलवा. मग तलम कापडातून गाळून चोथा घट्ट पिळा. मध आता घाला, पाच-सहा टेबलस्पून. आधी घातला तर गाळताना चिकटून निम्मा कापडातच राहतो. मध तापवू नये असं मानणाऱ्यांचीही इथे सोय आहे, सगळं काम गारच आहे. गाळलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा, हिवाळाभर टिकते.

चोथा फेकून द्याल तर मला राग येईल. त्यात गूळ, मीठ आणि थोडं भाजलेलं तीळकूट घालून मिक्सरवर फिरवा. थालीपिठाबरोबर काय लागतं ते खाऊन पाहा आणि मला कळवा.

प्रश्न : सफरचंदाचं व्हिनेगर महाग आहे. वाण्याकडचं पांढरं व्हिनेगर चालेल का? मैत्रीण म्हणते, बाटलीत गढूळ ‘मदर’ असेल तरच गुण येतो. — एक वाचक, सोलापूर

उत्तर : पांढऱ्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. ते व्हिनेगर ‘सिंथेटिक’ म्हणजे अ‍ॅसेटिक आम्लात पाणी घालून केलेलं असेल, तर तसं स्पष्ट लिहिण्याचं बंधन आहे. ते विषारी नाही, लोणची टिकवायलाही चालतं. पण नुसतं आंबट असतं, चवीला मागे-पुढे काही नाही. चमच्याने पोटात घ्यायचं आहे तर मी फळाचं किंवा उसाचं आंबवून केलेलं घेईन. उसाचा शिरका आपल्या शेजारी गुजरातेत, नवसारीकडे, चांगला होतो. पारशी घरांत तोच वापरतात. सफरचंदाचा हट्ट अमेरिकेत आहे कारण तिथे सफरचंदं ढिगाने होतात. सोलापुरात तो हट्ट धरायचं कारण नाही.

‘मदर’ म्हणजे व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंनी विणलेला तंतूंचा पापुद्रा. बाटलीत तो असला म्हणजे व्हिनेगर गाळून, तापवून साफ केलेलं नाही, इतकाच त्याचा अर्थ. त्यात औषध शोधू नका.

पाहायचं ते आम्लाचं प्रमाण. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल लागतं, आणि बाजारात चार टक्क्यांच्या बाटल्या पुष्कळ असतात. या कामासाठी पाच टक्क्यांचं शोधा. हिशेब सोपा आहे. अर्ध्या लिटरात पाच टक्क्यांनी पंचवीस ग्रॅम आम्ल. वरच्या कृतीतल्या आलं-कांद्यातून आणि मोहरीच्या पाण्यातून दोनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी सुटतं. म्हणजे शेवटी बरणीत सुमारे साडेतीन टक्के उरतं. चार टक्क्यांपासून सुरुवात केली तर हेच तीनाच्या खाली उतरतं. तेवढ्याने लगेच काही बिघडत नाही, पण कुणी हौसेने कांदा दुप्पट घातला, वर संत्र्याचा रस ओतला, तर फरक पडायला लागतो. चार टक्क्यांचंच मिळालं तर भाज्या तीस-चाळीस टक्के कमी करा आणि बरणी पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्ये ठेवा.

एवढं का सांगते? लसूण, आलं, हळद मातीला चिकटून वाढतात आणि मातीत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू असतात. हवाबंद जागी ते विष तयार करतात. आम्लता पुरेशी असली, पीएच ४.६ च्या खाली असला, की ते वाढत नाहीत. शिरक्यातली लसूण म्हणूनच सुरक्षित, आणि तेलात बुडवून ओट्यावर ठेवलेली कच्ची लसूण धोक्याची.

एक ताकीद. रसायनांच्या दुकानात मिळणारं कडक अ‍ॅसेटिक आम्ल आणून घरी पाणी घालून ‘स्वस्त व्हिनेगर’ करू नका. ते कातडी जाळतं.

प्रश्न : आमच्याकडे माडाच्या सुरेचा घरगुती शिरका असतो. त्यात केलं तर? — एक वाचक, काणकोण, गोवा

उत्तर : तुमचा हेवा वाटतो. रेंदेराने, म्हणजे माडावर चढणाऱ्याने, उतरवलेली सूर (माडी) आपली आपण आंबते; आधी साखरेचं मद्य होतं, मग हवेतले जिवाणू त्याचा शिरका करतात. त्याला जो गोलसर वास असतो, तो कुठल्याच कारखान्याच्या बाटलीला नाही. विंदालूला, सोर्पोतेलला दुसरं व्हिनेगर घालणं म्हणजे मला तरी अपमान वाटतो.

पण घरच्या शिरक्याची ताकद दर वेळी सारखी नसते, आणि जिभेला ती कळत नाही. तीन टक्के आणि पाच टक्के दोन्ही ‘काय आंबट आहे’ असेच लागतात. जवळ महाविद्यालय असेल तर रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बाटली घेऊन जा. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची मुलं अर्ध्या तासात टक्केवारी काढून देतील. त्यांनाही ब्युरेट खऱ्या कामाला लावल्याचा आनंद. ते जमत नसेल तर लहान बरणीत करा, फ्रिजमध्येच मुरवा आणि महिन्या-दीड महिन्यात संपवा.

प्रश्न : बाई, घाबरून लिहिते आहे. शिरक्यात घातलेली लसूण चार दिवसांत निळी-हिरवी झाली. सगळं ओतून देऊ का? — एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : थांबा, ओतू नका. पाकळी बाहेर काढून मधोमध कापा. रंग आतपर्यंत एकसारखा असेल, बुळबुळीतपणा नसेल, तर ती लसणीची स्वतःचीच करामत आहे. ठेचल्यावर निघणारे गंधकाचे पदार्थ आणि लसणीतलीच अमिनो आम्लं एकत्र येऊन आम्लात निळं-हिरवं रंगद्रव्य तयार होतं. लसूण बरेच दिवस थंडीत राहिलेली असेल तर रंग जास्त चढतो, त्यामुळे शीतगृहातल्या किंवा फ्रिजमधल्या लसणीला हा प्रकार अधिक दिसतो. तो अपायकारक नाही. उत्तर चीनमध्ये तर हिवाळ्यात मुद्दाम अशी पाचूसारखी हिरवी लसूण तांदळाच्या शिरक्यात मुरवतात, लाबा सणाच्या दिवशी बरणी भरतात आणि नववर्षाला मोमोसारख्या ज्याओझींबरोबर खातात. तिथे लसूण पांढरी राहिली तर गृहिणी हिरमुसते.

बुरशी वेगळी ओळखू येते. ती पृष्ठभागावर, लोकरीसारखी, आणि वास कोंदट. तशी असेल तर वरवर काढून वापरायचा मोह आवरा, सगळी बरणी टाका. झाकण किंवा डाव पितळेचा होता का, हेही आठवून पाहा. होता, तर तो हिरवेपणा तांब्याचा असू शकतो आणि मग मात्र खरंच ओतून द्या.

प्रश्न : समाजमाध्यमावर पाहून माझे यजमान रोज सकाळी अनशापोटी या शिरक्याचा एक छोटा ग्लास तसाच घशाखाली घालतात. वय ६३. मधुमेहाची गोळी आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. म्हणतात, यंदा सर्दी झाली नाही. त्यांना सांगणारं कुणी हवंय. — एक वाचक, ठाणे

उत्तर : त्यांना हे पान वाचायला द्या.

साहेब, ग्लास खाली ठेवा. शिरका अनशापोटी, न मिसळता, घोटाने घ्यायचा नसतो. अन्ननलिकेला भाजतो, पित्ताचा त्रास असेल तर तो वाढवतो आणि दातांवरचं एनॅमल झिजवतो. एनॅमल परत येत नाही. घ्यायचाच तर एक-दोन चहाचे चमचे, पेलाभर कोमट पाण्यात, जेवणाबरोबर. नंतर साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास तरी दात घासू नका. आम्लाने नरम झालेल्या दातावर ब्रश फिरला की झीज दुप्पट.

आता गोळ्या. शिरका जठरातून अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करतो आणि जेवणानंतर चढणारी साखर थोडी उतरवतो. ऐकायला छान वाटतं, पण इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असताना साखर नको तितकी खाली जाऊ शकते. लसूण, आलं आणि हळद जास्त प्रमाणात घेतली तर रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो, तुमची दुसरी गोळी नेमकं तेच काम करते आहे. लघवी वाढवणाऱ्या किंवा हृदयाच्या डिगॉक्सिनसारख्या गोळ्या असतील तर रोजच्या भरपूर शिरक्याने पोटॅशियम घटण्याचीही भीती असते. चटणीत, कोशिंबिरीत येईल तेवढ्याने कुणाचं काही होत नाही. रोजचा ग्लास मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. विचारताना ‘काहीतरी आयुर्वेदिक घेतो’ असं मोघम सांगू नका, आत काय काय आहे ते सांगा.

आणि सर्दी. सर्दीचे विषाणू नाकाच्या अस्तरातल्या पेशींच्या आत वाढतात. शिरका घशावरून क्षणात पोटात उतरतो. दोघांची भेट होत नाही. मोहरी-मिरचीने नाकातल्या नसा चाळवतात, नाक वाहतं, मोकळं वाटतं. हा आराम खरा आहे, पण तो लक्षणावरचा आहे आणि थोड्या वेळाचा आहे. ओल्या हळदीचंही तसंच. तिच्यातलं कर्क्युमिन पाण्यात आणि शिरक्यात जवळजवळ विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. शिरक्यात हळद रंगाला आणि वासाला आहे. हळद गुणासाठी हवी असेल तर सायीच्या दुधात घ्या.

मधाची बाजू जरा भक्कम आहे. साध्या खोकल्याला आधी मध देऊन बघा, असं ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने २०१८ साली आपल्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही लावू नये, त्यातून अर्भकांना बोट्युलिझम होऊ शकतो. घरात नातवंड असेल तर जिभेवर मध चाटवायच्या हौशी आत्याबाईंनाही हे ऐकवा.

माझं मत विचाराल तर हे गाळलेलं लोणचं आहे, औषध नाही. मुळ्याच्या कोशिंबिरीवर एक चमचा, मुगाच्या कढणात एक चमचा, एवढ्यात त्याचं सोनं होतं.

प्रश्न : आमचा बचत गट आवळा कँडी आणि लोणची विकतो. यंदा हा शिरका विकायचा विचार आहे. ‘फायर सायडर’ हेच नाव द्यावं का, आणि बाटलीवर ‘सर्दी-खोकल्यावर रामबाण’ लिहावं का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : पहिल्या प्रश्नाला एक इतिहास आहे. शिरका आणि मध यांचं मिश्रण जुनंच. ग्रीक वैद्य ते देत, युनानीत ते सिकंजबीन म्हणून आहे, इराणात आजही उन्हाळ्यात त्यात लेट्युसची पानं बुडवून खातात. त्यात हॉर्सरॅडिश-लसूण घालून ‘फायर सायडर’ हे नाव रुळलं ते रोझमेरी ग्लॅडस्टार या वनौषधी शिकवणाऱ्या बाईंमुळे. कॅलिफोर्नियात त्यांनी १९७८ मध्ये वनौषधींची शाळा काढली. तिथे त्या हे विद्यार्थ्यांकडून करून घेत आणि कृती मुक्तहस्ते वाटत. पुढे २०१२ मध्ये एका कंपनीने या नावाचा ट्रेडमार्क घेतला आणि छोट्या विक्रेत्यांना नाव वापरायची बंदी झाली. वनौषधीवाल्या बायकांनी बहिष्कार घातला, खटला चालला. २०१९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या संघीय न्यायालयाने निकाल दिला की हे पदार्थाचं सर्वसामान्य नाव आहे, ते कुणा एकाच्या मालकीचं नाही.

तो निकाल अमेरिकेतला. तुम्ही चिपळुणात ‘तिखट शिरका’ म्हणून विकलात तर गिऱ्हाइकाला लगेच कळेल आत काय आहे, आणि नावासाठी कुणाशी भांडायला नको.

‘रामबाण’ लिहू नका. खाद्यपदार्थाच्या लेबलवर रोग बरा करण्याचा दावा कायद्याने चालत नाही. एफएसएसएआयची नोंदणी लोणच्यासाठी केलेलीच असेल, त्यात हा पदार्थ बसतो का ते अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारून घ्या. बाटलीवर घटक, तयार केल्याची तारीख, वजन, नोंदणी क्रमांक हे हवंच. त्याखाली माझ्या आग्रहाने दोन ओळी घाला: ‘पाणी मिसळूनच घ्यावे. मध असल्याने एक वर्षाखालील बाळास देऊ नये.’ झाकणं प्लॅस्टिकची घ्या. पहिल्या घाण्यातली एक बाटली विकू नका, ती महिनाभर उघड-बंद करत स्वतः वापरा. तिला काय होतं ते पाहून मग पुढच्या घाण्याची मोहरी फेसायला घ्या.